चौथ्या आकड्याला रंग द्यावा कसा

पुणे-नाशिक रस्त्याने भोसरी मागे टाकली की मोशी लागते, आणि इंद्रायणीचा पूल ओलांडून चिंबळी-कुरुळीमार्गे पुढे गेले की चाकणची औद्योगिक वसाहत. या पट्ट्यातल्या मोठ्या कारखान्यांची नावे सगळ्यांना पाठ असतात. त्यांच्या गाड्यांत बसणारे कितीतरी शाफ्ट, बुश, पिना आणि फ्लँज मात्र निघतात ते पत्र्याच्या लहान शेडमधल्या सीएनसी लेथवर. अशा लेथवर नवा जॉब लावताना सेटरच्या हातात मुख्यतः दोन गोष्टी असतात, कटिंग स्पीड आणि फीड. त्यांतून जे पदरात पडते तेही दुहेरीच असते. एक जॉबचा फिनिश, ज्याच्यावर गिऱ्हाईक माल घेतो किंवा परत पाठवतो. आणि दुसरे इन्सर्टचे, म्हणजे टूलच्या टोकावर बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्याचे, आयुष्य, ज्याच्यावर महिन्याचा टूलिंगचा खर्च ठरतो. दोन आकडे आपण ठरवायचे आणि दोन मशीनने आपल्याला द्यायचे. या चौघांचे नाते एकाच चित्रात मांडण्यासाठी रंगीत सरफेस प्लॉट हे साधन गेली कित्येक वर्षे हाताशी आहे. ते वापरलेही जाते, पण बहुतेक वेळा उलटे वापरले जाते असे माझे मत आहे. यातल्या रंगाला चौथा अक्ष समजणे हीच मूळ गफलत. उंची आणि रंग डोळ्याला सारखे दिसत नाहीत, म्हणून कोणत्या आकड्याला उंची द्यायची आणि कोणत्याला रंग, हा निर्णय सॉफ्टवेअरवर सोडून चालत नाही.

आधी चित्र कसे उभे राहते ते पाहू. जमिनीवर दोन दिशा घ्यायच्या. एका दिशेला कटिंग स्पीड, मीटर प्रति मिनिटात. दुसऱ्या दिशेला फीड, म्हणजे जॉबच्या एका फेऱ्यात टूल किती मिलिमीटर सरकते ते. स्पीड आणि फीडच्या प्रत्येक जोडीला एक फिनिश मिळतो, त्या मापाइतकी उंची त्या जागी द्यायची. फिनिशसाठी एक जुना, सोपा ठोकताळा आहे: फीडचा वर्ग करायचा आणि त्याला टूलच्या नोज रेडियसच्या, म्हणजे टोकाच्या गोलाईच्या, ३२ पटीने भागायचे, म्हणजे सरासरी खडबडीतपणा निघतो. ०.८ मिलिमीटर नोज रेडियसचा इन्सर्ट घेतला, तर ०.१ फीडला सुमारे ०.४ मायक्रॉन, ०.२ ला जेमतेम १.६ आणि ०.३ ला साडेतीन मायक्रॉन येतात. फीड तिप्पट, खडबडीतपणा नऊपट. या सूत्रात स्पीड कुठेच नाही, त्यामुळे निव्वळ सूत्राचे चित्र एका बाजूने वर वाकवलेल्या पत्र्यासारखे दिसते: फीडच्या दिशेने चढ, स्पीडच्या दिशेने सपाट. प्रत्यक्षात मशीनचा कंप, धातूचा जात-स्वभाव, घासलेली कड हे सगळे मिळून आकडा सूत्रापेक्षा वर जातो. माइल्ड स्टीलसारखा मऊ धातू फार कमी स्पीडला कापला, तर तो टूलच्या टोकावर चिकटून बसतो आणि फिनिश बिघडतो, म्हणून पत्र्याची मंद स्पीडकडची कडही थोडी वर मुरडते. ही मुरड टेबलात शोधून सापडायला वेळ लागतो, चित्रात ती पहिल्या नजरेला दिसते.

आता इन्सर्टचे आयुष्य. अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलरने वर्षानुवर्षे धातू कापून पाहिल्यावर १९०७ साली मांडलेला नियम आजही शॉपमध्ये चालतो. स्पीड आणि आयुष्याच्या एका विशिष्ट घाताचा गुणाकार कायम राहतो. कार्बाइड टूलसाठी तो घात साधारण ०.२५ धरतात. त्याचा अर्थ जरा जपून समजून घेण्यासारखा आहे. समजा २०० मीटरला कड १५ मिनिटे टिकते. स्पीड १६८ वर आणला की ती ३० मिनिटे टिकेल, १४१ वर आणला की जवळपास तासभर. उलट २४० वर नेला की सात मिनिटांत संपेल. फीडचाही आयुष्यावर परिणाम होतो, पण स्पीडच्या मानाने कमी. म्हणजे ज्या दिशेने आपला पत्रा सपाट आहे, नेमक्या त्याच दिशेने आयुष्य झपाट्याने बदलते. हे आयुष्य रंगाने त्याच पृष्ठभागावर चढवले की रंगाचे पट्टे चढाला आडवे जातात. ड्रॉइंगवर १.६ मायक्रॉन लिहिले असेल, तर थोडी सूट हाताशी ठेवून १ मायक्रॉनची समान उंचीची रेष धरायची. सूत्राप्रमाणे ती ०.१६ फीडवर येते. मग त्या रेषेवरून डावीकडे-उजवीकडे सरकत रंग कुठे आपल्याला परवडतो ते पाहायचे. २०० वरून १६८ वर आले तर कापण्याचा वेळ १९ टक्के वाढतो आणि आयुष्य दुप्पट होते, म्हणजे एका कडेवर निघणारे जॉब सुमारे १.७ पट. मशीन रिकामे पडून असेल तर हा सौदा फायद्याचा, आणि ऑर्डर डोक्यावर असेल तर तोट्याचा. एक गोष्ट धरून ठेवली असता दुसरी कशी हलते, हे दाखवणे हेच या चित्राचे खरे काम आहे.

आणि नेमके तेच बहुतेक चित्रांत दिसत नाही. छोट्या कारखान्यात आकडे ठेवले जातात एक्सेलमध्ये. एक्सेलचा सरफेस चार्ट रंगीत असतो खरा, पण त्यातला रंग उंचीचाच असतो: अमुक ते अमुक मूल्याला निळा, त्यावर नारिंगी. त्यात चौथा आकडा घालायची सोयच नाही. मॅटलॅबमध्येही रंगासाठी वेगळा आकडा दिला नाही तर उंचीच रंगवली जाते. अशा चित्रात उंची दोनदा सांगितली जाते आणि आयुष्य एकदाही नाही. तरी ते भरगच्च दिसते, म्हणून सादरीकरणात खपून जाते. मॅटलॅबला, त्याच्या फुकट मिळणाऱ्या ऑक्टेव्ह या भावंडाला, ग्नूप्लॉटला किंवा पायथनच्या मॅटप्लॉटलिबला चौथा आकडा वेगळा देता येतो. अडचण पैशाची नाही, तो द्यायचा असतो हे ध्यानात येण्याची आहे.

मग उंची कोणाला आणि रंग कोणाला? विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये, माणसे आलेखातले आकडे किती अचूक ओळखतात याची उतरंड मांडली. एका सामाईक पट्टीवरची जागा सर्वांत वर, लांबी त्याखाली, कोन, क्षेत्रफळ, घनफळ आणखी खाली, आणि रंगाची गडद-फिकी छटा तळाशी. कोणताही रंगारी हे न शिकता सांगेल, कारण एकच छटा पांढऱ्या भिंतीवर वेगळी दिसते आणि करड्या भिंतीवर वेगळी. त्यामुळे ज्या आकड्याचा आकार महत्त्वाचा आहे, म्हणजे तो कुठे वळतो, कुठे खचतो, कुठे सपाट राहतो, त्याला उंची द्यावी. ज्याच्याबद्दल फक्त ‘चालेल, जपून, नको’ एवढेच ठरवायचे आहे, त्याला रंग द्यावा, आणि तोही शक्यतो पट्ट्यांत: १५ मिनिटांखाली, १५ ते ३०, ३० ते ६०, त्यावर. अखंड बदलणाऱ्या रंगापेक्षा असे मोजके पट्टे वाचायला सोपे जातात. आपल्या देशाचा हवा निर्देशांक याच तत्त्वावर चालतो. २०१४-१५ मध्ये तो आला तेव्हा ० ते ५०० या आकड्यांचे सहा टप्पे करून हिरव्यापासून गडद लालपर्यंत सहा रंग दिले गेले. भोसरीचा आज १८७ आहे की १९२ याने कोणाचे काही अडत नाही. २०० च्या पलीकडे गेला की नाही याने अडते.

पृष्ठभागावर आणखी आकडे चढवण्याची ही कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या विलर्ड गिब्ज यांनी १८७३ मध्ये पदार्थाचे घनफळ, एन्ट्रॉपी आणि ऊर्जा या तिघांचा एक पृष्ठभाग कल्पिला. शोधनिबंध वाचणारे थोडे आणि कळलेले त्याहून थोडे. स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांना तो इतका भावला, की १८७४ च्या सुमारास त्यांनी पाण्यासारख्या एका काल्पनिक पदार्थाचा हा पृष्ठभाग मातीत घडवला, त्याच्या प्लॅस्टरच्या प्रती काढल्या आणि एक गिब्ज यांना पाठवून दिली. गंमत पुढे आहे. त्या पृष्ठभागाच्या एका दिशेच्या उतारातून तापमान मिळते, दुसऱ्या दिशेच्या उतारातून दाब. मॅक्सवेल मॉडेल उन्हात धरत आणि किरणे जिथे पृष्ठाला निसटती स्पर्शून जातात तिथे रेष आखत. अशा समान तापमानाच्या आणि समान दाबाच्या रेषा आखून त्यांनी चौथी आणि पाचवी राशी त्याच प्लॅस्टरवर आणली. मूळ तीन राशींसाठी आकार, बाकीच्या दोन राशींसाठी आकारावरची खूण, ही वाटणी त्यांनी तेव्हाच केली होती, आणि ती आजच्या सॉफ्टवेअरपेक्षा विचारपूर्वक केली होती.

रंग कोणते वापरायचे हा यातला सर्वांत दुर्लक्षिलेला भाग. निळ्यापासून सुरू होऊन हिरवा, पिवळा करत लालपर्यंत जाणारी इंद्रधनुषी पट्टी इंजिनिअरांच्या इतक्या अंगवळणी पडली आहे, की मोल्ड-फ्लोचा किंवा स्ट्रेसचा रिपोर्ट दुसऱ्या रंगात आला तर तो अर्धवट वाटतो. पण या पट्टीत उजेडाचा क्रम नाही. मधला पिवळा सर्वांत उजळ आणि दोन्ही टोके गडद, त्यामुळे आकडे सावकाश बदलत असले तरी पिवळ्याच्या जागी डोळ्याला धार दिसते, आणि हिरव्याच्या लांबलचक पट्ट्यात खरा फरक बुडून जातो. अशा रिपोर्टची काळी-पांढरी झेरॉक्स काढून पाहावी. वसाहतीत मशीनच्या बाजूला प्लॅस्टिकच्या पाकिटात अडकवलेला कागद बहुधा तसाच असतो. त्यात सर्वांत चांगला भाग आणि सर्वांत वाईट भाग एकाच करड्या रंगात येतात. शिवाय लाल-हिरव्यात गल्लत होणारे पुरुष उत्तर युरोपीय वंशात बारांत एक असतात. आपल्याकडे प्रमाण त्याहून कमी असले तरी मोठ्या शॉपच्या तिन्ही पाळ्यांत असा कोणीच नसेल असे मानता येत नाही. म्हणूनच मॅटलॅबने २०१४ मध्ये जुनी इंद्रधनुषी पट्टी मुख्य जागेवरून हटवली आणि मॅटप्लॉटलिबने २०१७ च्या आवृत्तीत ‘विरिडिस’ ही गडद जांभळ्यापासून उजळ पिवळ्यापर्यंत क्रमाने उजळत जाणारी पट्टी मुख्य केली. ‘आमच्या लोकांना जुनीच कळते’ हा आक्षेप मला मान्य नाही. सवयीने कळते ते फक्त ‘लाल म्हणजे वाईट’ एवढेच, आणि तेवढे तर चार पट्टेही सांगतात.

एक खुसपट मात्र मला खरेच महत्त्वाचे वाटते, आणि पुस्तकांत ते क्वचित येते. संगणक उंचीचा भास देतो तो सावलीने: उजेडाकडचा उतार उजळ, पाठमोरा काळपट. आपण तर उजळ-गडद हाच फरक चौथ्या आकड्यासाठी वापरतो आहोत. मग एखादी जागा गडद दिसते ती आयुष्य कमी म्हणून, की तो उतार सावलीत आहे म्हणून? दोन कामांसाठी एकच साधन वापरले की दोन्ही कामे बिघडतात. अशा चित्रात कृत्रिम प्रकाश बंद करावा किंवा अगदी मंद ठेवावा, आणि उंची कळावी म्हणून पृष्ठावर जाळीच्या बारीक रेषा आखाव्यात.

या साऱ्या खटाटोपावर एक मजबूत आक्षेप आहे. उंचीचे चित्र कललेले असते, मागचा उतार लपतो, आकडा नेमका वाचता येत नाही. त्यापेक्षा दोन सपाट समोच्च नकाशे शेजारी ठेवावेत, एक फिनिशचा आणि एक आयुष्याचा. अचूक आकडा हवा असेल तर हा आक्षेप पूर्ण खरा आहे, आणि मशीनशेजारी लावायचा कागद सपाटच असावा. पण दोन नकाशांत नजर सारखी इकडून तिकडे न्यावी लागते आणि जोडी मनात जुळवावी लागते. समान उंचीवर रंग कसा बदलतो हे त्यात सहज दिसत नाही. त्यावर तोड म्हणजे एकाच सपाट नकाशावर आयुष्याचे रंग आणि त्यावर फिनिशच्या काळ्या रेषा. तो खरे तर वरून पाहिलेला आपलाच सरफेस प्लॉट आहे. नात्याचा आकार प्रथम समजून घेण्यासाठी कललेले चित्र, आणि समजल्यावर वापरण्यासाठी सपाट, असा क्रम मला योग्य वाटतो. दुसरा आक्षेप हल्ली वाढतो आहे: संगणक सर्वोत्तम स्पीड-फीड स्वतः काढून देतो, माणसाने बघायचे कशाला? तो एक बिंदू काढून देतो. तो बिंदू सपाट माळावर आहे की कड्याच्या काठावर, हे एका आकड्यातून कळत नाही. कच्च्या मालाचा लॉट बदलला, बारमध्ये कडक गाठ आली, की काठावरचा बिंदू घसरतो. शिवाय एखादी चुकीची नोंद, समजा ०.४ च्या जागी ४ टाइप झालेले, सरासरीत मुरून जाते. पृष्ठावर मात्र तिचे टोक वर येते.

सर्वांत गंभीर आक्षेप माझ्या दृष्टीने वेगळा आहे, आणि तो चित्रकर्त्याच्या प्रामाणिकपणावर आहे. समजा पंचवीस जोड्यांवर प्रयोग झाले. चित्रात मात्र अखंड, गुळगुळीत पृष्ठ दिसते, कारण मधल्या जागा सॉफ्टवेअरने भरल्या. पाहणाऱ्याला वाटते की सगळीकडे मोजमाप झाले आहे. मोजलेल्या पंचवीस जागांवर काळे ठिपके दाखवले की निम्मा गोंधळ मिटतो, आणि शेवटच्या ठिपक्यापलीकडचे पृष्ठ कापून टाकले की उरलेलाही. सुंदर कडा कापायला जीवावर येते, हे मान्य.

याच पट्ट्यातला दुसरा नमुना म्हणजे इंजिनचा नकाशा, आणि त्यात वेगळीच अडचण येते. जमिनीवर इंजिनचे आरपीएम आणि टॉर्क, उंची म्हणून एका किलोवॅट-तासाला लागणारे डिझेल, आणि रंग म्हणून नायट्रोजन ऑक्साइड. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे उत्सर्जन मानक लागू झाले तेव्हा डिझेल मोटारीची नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा दर किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून एकदम ८० वर आली, आणि बीएस-५ ही पायरी देशाने गाळूनच टाकली. इंधन वाचवायला सिलिंडरमध्ये तापमान चढे हवे; पण त्याच तापमानात हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो. त्यामुळे पृष्ठाचा सर्वांत खोल, काटकसरीचा भाग बरेचदा रंगाने वाईटाकडे झुकलेला असतो, आणि हा विरोध दोन वेगळ्या तक्त्यांत कधीच इतका उघडा पडत नाही. अडचण आहे ती टॉर्क शून्याकडे जाताना. इंजिन नुसते चालू असते, डिझेल जळते, काम शून्य; भागाकार अनंताकडे जातो. चित्रात तिथे भिंत उभी राहते आणि २०० ग्रॅमच्या आसपासची खोलगट जागा, जिच्यासाठी सगळा उपद्व्याप केला, ती तिच्यापुढे सपाट पट्टी होऊन बसते. म्हणून उंची एका मर्यादेवर छाटावी लागते आणि छाटली आहे हे लिहावेही लागते. कारण चाकण चौकातल्या कोंडीत अडकलेली गाडी बराच वेळ असते ती त्या छाटलेल्या कोपऱ्यातच.

सगळे चार आकडे या साच्यात बसत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. एका जागेला एकच उंची, हा सरफेस प्लॉटचा नियम. तयार जॉबच्या हजार नगांची प्रत्येकी चार मोजमापे घेतली, तर त्यांत कोणतेच दोन आकडे आपण ठरवलेले नसतात. ते ढगासारखे विखुरलेले असतात आणि त्यांच्यावर पृष्ठ ताणणे म्हणजे नसलेले नाते दाखवणे. तिथे ठिपक्यांचे चित्रच बरे. उलट जिथे हा नियम निसर्गतःच पाळला जातो अशी जागा मोशीतच आहे, महापालिकेचा कचरा डेपो. कुजणाऱ्या कचऱ्याच्या पोटात उष्णता आणि मिथेन तयार होतात, उन्हाळ्यात तिथे आगी लागल्या आहेत, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्पही तिथे सुरू झाला. अशा ढिगाचे ड्रोनने चित्र काढायचे ठरवले, तर जमिनीच्या दोन दिशा खऱ्या, उंची खरी, आणि थर्मल कॅमेऱ्यातले तापमान रंगासाठी तयार. पण दुपारी मोजले तर पश्चिमेकडचा सगळा उतार तापलेला दिसेल, कारण त्याला ऊन लागले आहे; आतली धग ओळखायची तर मोजणी पहाटेची हवी. आणि महिन्यामागून महिना तीच मोजणी करायची, तर प्रत्येक चित्राची रंगपट्टी एकच ठेवायची. सॉफ्टवेअर आपणहून प्रत्येक वेळी त्या-त्या चित्रातल्या कमाल तापमानाला सर्वांत टोकाचा रंग देते. मार्चमधले ४५ अंश आणि मेमधले ६० अंश मग एकाच रंगात येतात, आणि दोन्ही चित्रे शेजारी ठेवून ढीग जसाच्या तसा आहे असा शेरा मारला जातो. पट्टीची खालची आणि वरची मर्यादा पहिल्या मोजणीच्या आधी ठरवून हाताने भरावी लागते.